नावाजलेल्या बापाच्या सावलीतला फ्रेंच सिनेमा घरच्यांबरोबर कसा बघायचा

आधी सिनेमाचं नाव सांगते म्हणजे शोधायला बरं पडेल. ‘कॉम यून इमाझ’, 2004 चा, दिग्दर्शिका आन्येस झाउई. बाहेर तो ‘लुक ॲट मी’ या नावाने जास्त सापडतो पण नुसतं ते नाव टाकलंत तर भलतंच काहीतरी समोर येतं, म्हणून दोन्ही नावं, साल आणि झाउई असं सगळं टाकून शोधा. डीव्हीडी निघालेली आहे, स्ट्रीमिंगवर येतो जातो, तेव्हा जिथे रीतसर मिळेल तिथून घ्या. दोन तासाच्या आतला आहे. त्या वर्षी कान फेस्टिव्हलला याला उत्कृष्ट पटकथेचं बक्षीस मिळालं होतं, पटकथा झाउई आणि झाँ-पिएर बाक्री या दोघांनी मिळून लिहिलेली, आणि बाक्रीच यात बाप झालाय. नावाजलेला लेखक, एतिएन कासार. त्याची विशीतली जाड मुलगी लोलिता, गाणं शिकते, आणि बापाने एकदा तरी आपल्याकडे नीट बघावं, आपलं ऐकावं म्हणून धडपडते, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, कोर्टकचेरी नाही, कोणी मरत नाही.

मूळ नावाचा अर्थ माहीत असला की सिनेमा अर्धा कळतो. फ्रेंचमधे गुणी पोराला म्हणतात चित्रासारखं शहाणं, म्हणजे बसवलं तिथे बसतं, हूं की चूं नाही. आपल्याकडे पाहुण्यांसमोर म्हणतात ना, ‘आमच्या बाळीचा काही म्हणजे काही त्रास नाही हो’, तेच ते. भिंतीवरचं चित्र असतं, त्याच्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही, ते बोलतही नाही. मी चाळीस वर्षं तशी बाळी होते म्हणून हे सगळं लिहितेय.

माझे बाबा गिरगावात गणिताचे सर होते. म्हणजे टीव्हीवर येणारे वगैरे नाही, पण ठाकूरद्वारपासून प्रार्थना समाजापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलं तर तीन जण तरी रस्त्यात वाकून नमस्कार करणार आणि त्यातला एक तरी टक्कल पडलेला असणार. शाळा, नंतर संध्याकाळी घरी क्लास, बाहेरच्या खोलीत तीस चपलांचे जोड. मला नाव नव्हतंच, मी ‘सरांची मुलगी’. वाण्याकडे, दवाखान्यात, कॉलेजच्या ॲडमिशनला, माझ्या लग्नाच्या बोलणीत सुद्धा. आणि खरं सांगते, त्याचा फायदाही खूप झाला, लोकांनी कामं पटापट करून दिली. म्हणूनच बोलायची सोय नसते. तक्रार कशाची करणार, बाप चांगला, लोक चांगले, सगळे कौतुकच करतायत.

तर घरात असं कोणी असेल, आई किंवा बाप, गायक, डॉक्टर, पुढारी, नाटकवाले, नाहीतर आमच्यासारखे गल्लीतले प्रसिद्ध सर, तर हा सिनेमा त्यांच्यासोबत बसून बघायचा कसा ते सांगते. मी दोनदा केलंय. पहिल्यांदा वाट लागली, दुसऱ्यांदा जमलं.

पहिल्यांदा काय चुकलं ते आधी. बाबांचा पंच्याहत्तरावा होता, सगळे जमले होते, काका, आत्या, भाऊ-वहिनी, पोरं, एकूण चौदा माणसं, आणि मी जेवणं झाल्यावर म्हटलं सिनेमा लावूया, बाप-लेकीचा आहे. अर्ध्या तासात आत्या म्हणाली काय गं हा बाप, आपला दादा असा कधी वागला नाही हो, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाबा बाल्कनीत जाऊन उभे राहिले ते शेवटपर्यंत आत आलेच नाहीत. त्यामुळे पहिला नियम, वाढदिवस, एकसष्टी, सत्कार, दिवाळी, भाऊबीज अशा दिवशी हा सिनेमा काढायचाच नाही. ज्या दिवशी त्या माणसाचं कौतुक ठरलंय त्या दिवशी त्याच्यासमोर आरसा धरणं बरं नव्हे. माणसं चारच ठेवा, फार तर पाच. त्यात एक बाहेरचं पण जवळचं असेल तर फारच छान, जावई, सून, शेजारच्या काकू, म्हणजे आवाज चढत नाहीत. आणि लावायच्या आधी ‘हा तुमच्यावरच आहे’ हे चुकूनही बोलायचं नाही. नुसतं म्हणायचं, गाणं शिकणाऱ्या मुलीचा सिनेमा आहे, गाणी छान आहेत. खोटं नाहीये ते. मोंटेवर्दी, मोझार्ट, शुबर्ट असं सगळं आहे त्यात, एक ग्रुप गावातल्या चर्चमधल्या कार्यक्रमासाठी तालीम करत असतो, बाई शिकवत असतात. आपल्याकडे विशारदच्या परीक्षेआधी क्लासमधे जशी गडबड असते अगदी तशीच, श्वास कुठे घ्यायचा, तोंड किती उघडायचं.

आता सबटायटलचं. मराठी सबटायटल मला मिळाली नाहीत, इंग्रजी मिळतात, आणि फ्रेंच लोक भयंकर भराभर बोलतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, जेवणाच्या टेबलावर तर सगळे एकदम. आईला इंग्रजी वाचता येतं पण तेवढ्या वेगाने नाही. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं हा उपाय आम्ही केला आणि तो अजिबात करू नका, आवाज सगळा झाकला जातो आणि या सिनेमात आवाज हीच तर गोष्ट आहे. त्यापेक्षा असं करा, आदल्या दिवशी एका वहीच्या पानावर माणसं लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात, आणि चहाच्या वेळी पाच मिनिटं समजावून सांगा.

माझं पान असं होतं: लोलिता, मुलगी. एतिएन, बाप, मोठा लेखक, सध्या लिहिणं अडलंय. करीन, त्याची दुसरी बायको, तरुण आणि सडपातळ, लोलितापेक्षा फार मोठी नाही. सिल्व्हिया, गाण्याच्या बाई, ही भूमिका झाउईने स्वतः केलीये. पियेर, बाईंचा नवरा, तोही लेखक पण अजून कोणी विचारत नाही. सेबास्तियाँ, एक साधा मुलगा, ज्याला लोलिताने एकदा रस्त्यात मदत केलेली असते. बस, एवढ्यावर भागतं. एतिएनच्या मागेमागे फिरणारा एक मित्र आहे, त्याला आम्ही ‘पीए’ म्हटलं आणि सगळ्यांना कळलं, प्रत्येक मोठ्या माणसाभोवती असा एक असतोच.

वेळ रविवारी दुपारी तीनची. रात्री नको, म्हातारी माणसं पेंगतात आणि मग झाल्यावर बोलायला कोणी उरत नाही. मुंबईत दुपारी हॉलमधे उजेड फार येतो, आमचा टीव्ही खिडकीसमोर आहे म्हणून मी खिडकीच्या पडद्यावर चादर टाकली. पंखा दोनवर ठेवा, पाचवर असला की हळू गाणं ऐकूच येत नाही. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरपेक्षा साधा ब्लूटूथ स्पीकर जोडला तरी फरक पडतो. खायला कुरकुरीत काही नको, चिवडा नको, वेफर नको, शिरा नाहीतर केळी ठेवा. आणि फोन, सगळ्यांचे, स्वयंपाकघरात एका डब्यात. मी स्टीलच्या पोह्याच्या डब्यात ठेवले. हे मुद्दाम सांगतेय कारण त्या सिनेमात एतिएनचा फोन सारखा मधे येतो, कोणी काहीतरी सांगत असतं आणि हा फोनवर, आणि आपला फोन त्याच वेळी वाजला तर समोरच्या माणसाला ते पुरतं लागतं. अर्थात तसं झालं तर तेही बरंच म्हणा, पण ठरवून नको.

आता बघताना नजर कुठे ठेवायची. हे मला दुसऱ्या वेळी सापडलं आणि माझ्या मते यातच सगळं आहे. बाप वाईट आहे का मुलगी चिडचिडी आहे हे ठरवत बसू नका, फक्त एवढं बघा की कोण कोणाचं ऐकतंय. दर सीनला हेच, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि ऐकणारा मधे कधी सुटतो.

सुरुवातच टॅक्सीत होते. लोलिता मागे बसलीये आणि ड्रायव्हर तिच्याशी उद्धटपणे वागतोय, तिच्या बोलण्याला किंमतच देत नाही. मग बाप गाडीत येतो, तो ड्रायव्हरपेक्षा वरच्या पट्टीत बोलतो आणि ड्रायव्हर गप्प. दोनच मिनिटं असतील पण ज्याच्या घरात मोठं माणूस आहे त्याला हे सांगायला लागत नाही. माझ्या आवाजाला वजन नाही, त्याच्या आवाजाला आहे, आणि माझं काम त्याच्या आवाजानेच होतं. इथे घरात कोणी काही बोललं तर बोलू द्या, थांबवू नका सिनेमा.

दुसरी जागा गाण्याच्या बाई. सुरुवातीला सिल्व्हियाला लोलिताचा कंटाळाच येत असतो, ती जास्तीचा वेळ मागते, मागे मागे येते. आणि मग बाईंना कळतं ही कासारची मुलगी, ज्या लेखकावर बाईंचा जीव, आणि ज्याची ओळख नवऱ्याच्याही उपयोगी पडेल. त्यानंतर बाईंचा चेहरा बघा. आवाज तोच, मुलगी तीच, पण आता वेळ आहे. मला हे बघताना पोटात खड्डा पडला, कारण बाई वाईट नाहीयेत हो, अजिबात नाहीत, तुम्ही आम्ही असतो तशाच आहेत. पुढे त्याच बाई सगळ्यात आधी जाग्या होतात. त्यांचा नवरा पियेर मात्र नाव होत जातं तसतसा बदलत जातो, ते बघायला जड जातं.

तिसरी जागा कॅसेट. लोलिताने आपलं गाणं रेकॉर्ड करून बापाला दिलेलं असतं आणि बापाने ते ऐकलेलंच नसतं. रागाने नाही, भांडून नाही, राहून गेलं म्हणून. आणि चर्चमधल्या कार्यक्रमातही ती गात असताना तो मधेच उठून बाहेर जातो.

इथे माझं सांगते. मी आठवीत होते, वाडीच्या गणपतीत माझा अभंग होता. एक महिना बसवला होता. बाबा आले, शेवटच्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसले, आणि मांडीवर घटक चाचणीचे पेपर. लाल पेन. मी स्टेजवरून बघत होते, ट्यूबलाइटखाली पेपर पांढरे शुभ्र दिसायचे, एक उलटला की पुढचा, आणि माझ्या दुसऱ्या कडव्याला त्यांनी बेरीज करायला पान उलटं केलं, कव्हरवर मार्क मांडायला. मी त्या बेरजेकडे बघत गायले. नंतर म्हणाले, छान झालं हं. तेव्हा मला राग नाही आला, मला वाटलं पेपर महत्त्वाचे आहेत, तीस मुलांचे आहेत, माझं एकटीचं गाणं आहे. एवढा हिशोब आठवीतल्या मुलीने आपणहून केला होता. तर कॅसेटचा विषय निघेल तेव्हा तुमच्या पोटातून असंच काहीतरी वर येईल, आणि तेव्हा तोंड उघडायचं नाही. पाणी प्या. हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि पहिल्या वेळी मला तोच जमला नव्हता.

मधे एकदाच थांबा, साधारण निम्म्यावर, ज्येष्ठांना बाथरूमला जायला लागतं. त्या पाच मिनिटांत वातावरण तंग वाटलं तर आजूबाजूच्या गप्पा काढायला माझ्याकडे दोन-तीन गोष्टी आहेत. एक म्हणजे लोलिता झालेली मारिलू बेरी, ती खऱ्या आयुष्यात जोझियान बालास्कोची मुलगी, आणि बालास्को म्हणजे फ्रान्समधली घराघरात ठाऊक असलेली नटी, लेखिका, दिग्दर्शिका. म्हणजे सावलीतली मुलगी सावलीतल्या मुलीनेच केलीये. हे कळल्यावर माझी आई म्हणाली, अरे देवा, मग तिला शिकवायला नसेल लागलं.

दुसरं आपलं घरचं उदाहरण, तेंडुलकर. आज आपण अर्जुनबद्दल बोलतो, 2022 ला तो मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला गेला, डिसेंबरमधे रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक ठोकलं, आणि लगेच बातम्यांत काय तर बापानेही 1988 ला रणजी पदार्पणात शतक केलं होतं. पोराने शतक मारलं त्या दिवशीसुद्धा बातमीत अर्धी जागा बापाची. पण त्याच घरात अजून एक पिढी मागे जा, सचिनचे वडील रमेश तेंडुलकर कवी, दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. हे निघालं की बाबांच्या वयाची माणसं एकदम खुलतात. आणि गाण्यातलं हवं असेल तर किशोरी आमोणकर. आई मोगूबाई कुर्डीकर, जयपूर-अत्रौली घराण्याच्या मोठ्या गायिका, तालीम आईकडेच. तिथे आई हीच गुरू, म्हणजे सावली घरात पण आणि तानपुऱ्याशेजारी पण. तरी त्यातून किशोरीताईंनी स्वतःचं गाणं वेगळं काढलं, त्यावर वादही झाले. मला विचाराल तर लोलितामधे आणि त्यांच्यात मोठा फरक हाच की मोगूबाई ऐकत होत्या, कठोरपणे असेल पण कान देऊन ऐकत होत्या. कठोर ऐकणं चालतं हो, न ऐकणं नाही चालत.

सिनेमा संपला की लगेच ‘कसा वाटला’ विचारू नका. नावं पूर्ण जाऊ द्या, पडदे उघडा, चहा टाका. चहा टाकायला दहा मिनिटं लागतात तेवढ्यात माणसं आपली आपली परत येतात. आणि मग बोलायचं कसं, तर मोठ्या माणसाला बाप म्हणून प्रश्न विचारायचा नाही, मुलगा म्हणून विचारायचा. हे मी ठरवून केलं. ‘तुम्ही असं का वागलात’ नाही विचारलं. विचारलं, बाबा, तुमच्या आप्पांनी तुमचं काय ऐकायचं राहिलं?

बाबा खूप वेळ बशीत चहा ओतत बसले. बशीत चहा पिणं त्यांनी कधीच सोडलं होतं, शाळेत लागल्यावर, त्या दिवशी परत ओतला. मग म्हणाले, आप्पा भजनी मंडळाचे बुवा होते, परळच्या चाळीत, पाच मंडळं त्यांना बोलवायची, आणि मी बुवांचा पोरगा. मला ताल यायचा नाही. टाळ द्यायचे हातात आणि काढून घ्यायचे. गणितात शंभरपैकी शंभर पडले त्या दिवशी आप्पा एकादशीच्या भजनाला गेले होते, दुसऱ्या दिवशी आले, मी झोपलो होतो, मग राहिलंच सांगायचं. एवढंच बोलले. मला हे माहीत नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मी पण नव्हतं ना विचारलं कधी.

तर हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसाप्रमाणे बदलून घ्या, पण दिशा ती ठेवा. आणि उत्तर आलं की लगेच आपलं पुढे सरकवायचं नाही, ‘मग बघा, तुम्ही पण माझ्याशी तेच’ असं. ते त्यांना कळलेलं असतं. त्या दिवशी फक्त ऐका. आपली पाळी नंतर येते.

जे स्वतः सावलीत आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी, सिनेमा बघून आणि राहून शिकलेल्या. नवीन ठिकाणी पहिले दोन-तीन महिने आडनावाचा विषय आपण होऊन काढू नका, नुसतं पहिलं नाव सांगा. लपवायचं नाही, कोणी विचारलं तर सरळ सांगायचं. पण त्या दोन महिन्यात ज्यांनी आपल्याशी नीट बोलून घेतलं ती माणसं आपली म्हणून धरायला हरकत नाही. आणि नंतर कळल्यावर ज्यांचा सूर बदलला त्यांना लगेच वाईट ठरवू नका, सिल्व्हियाबाई आठवा, बदललेला सूर परत जागेवर पण येतो कधीकधी. ‘अरे तू अमक्यांची का’ या वाक्याला माझं उत्तर ठरलेलं आहे, ‘हो, आणि मी बोरिवलीला बँकेत आहे, तुम्ही काय करता?’ असं एका दमात म्हणायचं म्हणजे गाडी तिथे अडकत नाही.

पण यातली सगळ्यात मोठी धोक्याची जागा वेगळी आहे. सारखं वाटत राहतं की समोरचा माझ्या बापासाठीच आलाय. लोलिताला पण तसंच वाटतं, आणि तिच्याबाबतीत ते बऱ्याचदा खरंही असतं, पण मग सेबास्तियाँसारखा जो खरंच तिच्यासाठी येतो त्याच्यावरही ती तोच संशय घेते. मी माझ्या नवऱ्यावर पहिली दोन वर्षं घेतला. तो बाबांचा विद्यार्थी होता. त्याला मी एकदा स्पष्ट विचारलं तर म्हणाला, सरांच्या क्लासला मला सहा महिन्यात काढून टाकलं होतं, मी सरांसाठी कशाला येऊ. तेव्हा विचारून मोकळं व्हा. मनात हिशोब चालू ठेवू नका, तो संपत नाही.

आणि ज्यांचं नाव आहे अशा आईबापांसाठी एकच, पोरांनी काही ऐकायला दिलं तर त्याच दिवशी ऐका. पूर्ण ऐका. कॅसेटचा जमाना गेला, आता व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट असते, आणि तिचं तर फार वाईट आहे कारण पाठवणाऱ्याला दिसतं. समोरच्याने ऐकली की तो बारका माईक निळा होतो. मी गेल्या वर्षी परत गाणं सुरू केलं, पन्नाशीच्या आत एकदा करायचंच होतं, आणि तोच आठवीतला अभंग रेकॉर्ड करून बाबांना पाठवला. बरोबरच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या, म्हणजे बघितला. माईक निळा झाला नाही. एक आठवडा, दोन, महिना. मी रोज बघायचे. बाबांना व्हॉइस नोट वाजवता येत नाही असं नाही, विद्यार्थ्यांच्या येतात त्या वाजवतात, स्पीकरवर लावून. ऐकायला वेळ नसेल तर तसं लिहा, ‘संध्याकाळी ऐकतो’ एवढं, आणि मग संध्याकाळी खरंच ऐका. ऐकून झाल्यावर ‘छान’ म्हणण्यापेक्षा एखादी जागा सांगा, कुठली आवडली, कुठे घसरलं, म्हणजे पोराला कळतं की कान तिथे होता.

चारचौघांत बघायचा असेल तर सोसायटीच्या हॉलमधे प्रोजेक्टर लावून पन्नास लोकांना दाखवू नका, त्याला हक्क असणाऱ्यांची परवानगी लागते. त्यापेक्षा फिल्म सोसायटीत जा. प्रभात चित्र मंडळ 1968 पासून मुंबईत हेच काम करतंय, जगभरचे सिनेमे दाखवणं आणि नंतर बोलणं, तिथे असा सिनेमा सुचवता येतो. फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सला थिऑसफी हॉलमधे आलियाँस फ्रांसेज ही फ्रेंच भाषा शिकवणारी संस्था आहे, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. माझ्या भाचीने तिथे जाऊन मला ‘इमाझ’चा उच्चार नीट शिकवला, मी आधी ‘इमेज’ म्हणत होते. झाउई-बाक्री जोडी आवडली तर त्यांचं बाकीचं लिखाण पण शोधा. दोघांनी मिळून बरंच लिहिलं, बाक्री 2021 च्या जानेवारीत गेला. तो एतिएन करतो तेव्हा त्याचा राग येतो आणि तरी तो खुर्चीत एकटा बसलेला दिसला की वाईट वाटतं, हे कसं करतात कोण जाणे. या भूमिकेसाठी दुसरा कोणी नट मला सुचत नाही.

दुसऱ्या वेळच्या रविवारनंतर मंगळवार आला. सकाळी पाच चाळीसला, बाबा तेव्हाच उठतात, माईक निळा झाला. मी जागीच होते, डबा करत होते, कणकेचे हात तसेच ठेवून फोनकडे बघत उभी राहिले. सहा मिनिटांनी फोन आला. म्हणाले, काय गं, दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडतोय तुझा, ‘विठ्ठल’च्या आधी घे. मी म्हटलं हो. मग म्हणाले, तेव्हाही तिथेच कमी पडला होता, गणपतीत.

मला वाटलं होतं ते बेरीज करत होते.

आईचं राहिलंच. सिनेमा संपल्यावर ती दोन्ही वेळा काही बोलली नाही, भांडी आवरत राहिली, आणि परवा फोनवर म्हणाली तो सिनेमा परत लाव, मला त्यातली ती करीन नीट बघायचीये, सगळे मुलीबद्दलच बोलत होतात. आईला अख्खी वाडी ‘सरांच्या मिसेस’ म्हणते. या रविवारी लावतोय, फक्त ती आणि मी, जेवणं बाराला उरकून.